दीड तास

रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानाला लागून
माझं काउंटर.
एकोणीस वर्षं तिकिटं काढतेय,
विमानात एकदाही बसलेली नाही.
लोक विचारतात, ताई, किती वेळ लागेल?
मी पडद्यावरचं वाचून दाखवते:
इंदूर ते शारजा, दोन हजार ऐंशी किलोमीटर,
तीन तास,
वारा आडवा आला नाही तर.

मुंगीकाका दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी येतात.
तिकीट घेत नाहीत.
भूमापन खात्यातून निवृत्त,
खिशात सुतळीने बांधलेली वही.
"आज किती?" म्हणून विचारतात,
जसा मंडीत सोयाबीनचा भाव विचारावा.
तेवढंच आहे, काका, मी म्हणते.
तरी लिहून घेतात.

एकदा हिशेब दाखवला:
वीस मीटरची जरीब धरली
तर एक लाख चार हजार जरीब.
"देपालपूर ते हातोद ओढलीय मी.
मध्ये विहीर येते, बाभळी येतात,
बांधावरून भांडणारे दोन भाऊ येतात,
कुणाची म्हातारी ताक आणून देते.
तुमच्या या रेषेत काय येतं?"
मी नकाशा मोठा केला.
कच्छ संपलं की निळं,
मग नुसतं निळंच.
"म्हणजे टेकायला जागा नाही," ते म्हणाले,
आणि वही मिटली.

मुलाचं नाव हेरंब, तिथे क्रेन चालवतो,
एवढं वहीच्या पुठ्ठ्यावर होतं.
बाकीचं
ते जे सांगत नव्हते त्यातून कळलं.

गणपती उठले त्या आठवड्यात
त्यांनी वेळापत्रकावर बोट ठेवलं.
"रात्री बाराला सुटतं, दीडला उतरतं.
दीडच तास?"
घड्याळं, काका. त्यांचं आपल्या मागे चालतं.
"आणि येताना?"
येताना साडेचार दिसतात.
काका उभेच राहिले.
मागे एक गवंडी धारहून आलेला, पासपोर्ट हातात,
त्याला मी खुणेनेच थांब म्हटलं.
"रस्ता तोच. विमान तेच.
जाणाऱ्याला सूट
आणि येणाऱ्याला दंड.
पोरं येतील कशी?"

काल सोमवार नव्हता.
टोपी नव्हती, दाढी वाढलेली.
"एक तिकीट. शारजा ते इंदूर. हेरंबच्या नावाने."
तारीख?
"ती त्याची तो टाकेल."
तारखेशिवाय यंत्र पुढे सरकत नाही,
रकाना लाल होतो.
दोनदा लाल झाला.
मग मी पॅड ओढलं, पेनाने लिहिलं:
कुठून, कुठे, अंतर.
तारखेची जागा कोरी.
वेळ, तीन तास.

त्यांनी माझ्या हातून पेन घेतलं,
तीन खोडलं, साडेचार केलं.
"घड्याळाप्रमाणेच लिहा.
दंड मी भरतो."

शेजारच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणली.
मूळ कागद वहीत ठेवला,
झेरॉक्स पाकिटात.
"हे पोचायला किती लागेल, ताई?"

पडद्याकडे पाहिलं मी, सवयीने.
टपालाचं तिथे काही येत नाही.