चार्ज देताना

कपाटाच्या किल्ल्या तीन. तिसरी कशालाच लागत नाही,
पण यादीत आहे, म्हणून सही करा.
फ्रीजचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहायचं.
मेटफॉर्मिन पंधरा दिवस पुरेल.
त्यानंतर यवतमाळहून गाडी येते,
म्हणजे, येते असं सांगायचं.

एवढं रजिस्टरात आहे.
बाकीचं नाही. बसा ना, मॅडम.

मंगळवारी बाजार. दहाची एसटी आली
की खिडकीशी पहिली परबता डाखोरे.
तिच्या पिशवीत नातवाची पाढ्यांची वही,
वहीत सात डॉक्टरांची सात अक्षरं.
प्रत्येकानं आल्या आल्या तेच विचारलं,
किती वर्षांपासून आहे साखर?
आणि तिनं प्रत्येकाला खरं तेच सांगितलं:
"जिनिंगचा भोंगा बंद पडला नं जी, त्या सालापासून."
एकानं लिहिलं पाच वर्षं, एकानं नऊ,
एकानं नुसतंच प्रश्नचिन्ह.
भोंगा दोन हजार आठला बंद पडला.
मी विचारत विचारत गेलो होतो गेटवरच्या चौकीदारापर्यंत.
वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहून ठेवलंय.

तिला वाचता येत नाही. मागच्या उन्हाळ्यात कंपनी बदलली,
बीपीची पांढरी गोळी गुलाबी होऊन आली.
तीन आठवडे डब्यात तशीच.
"थे माही नोहे जी."
तेव्हापासून सकाळच्या पाकिटावर मी सूर्य काढतो,
रात्रीच्यावर चंद्र.
अवसेला धापा टाकत आली,
"आज चांदच नाई, तं घेऊ का नोको?"
हसा. मीही हसलो होतो.
मग घरी जाताना हसू राहिलं नाही.

लच्छू नैताम दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो, आदिलाबादेकडे.
विस्तवावर पाय पडला तरी त्याला कळत नाही,
आणि विचारलं तर म्हणतो, बराच हावो.
खिडकीतून पाय दिसत नाहीत, मॅडम.
उठून बाहेर यायचं. चप्पल काढायला लावायची.
जाताना तो तीन महिन्यांच्या गोळ्या मागेल.
नियम एका महिन्याचा आहे.
नियम मी तुम्हाला सांगितला. पुढचं विचारू नका.

आणि ट्रेमध्ये सगळ्यात खाली
सुलोचना खिराडेचं कार्ड आहे.
त्या वर्षी चार महिने डॉक्टर नव्हता,
मला तालुक्याला डेप्युटेशनवर घेतलेलं.
ती तीनदा आली म्हणे, आठ किलोमीटर चालत.
कुलूप बघून वऱ्हांड्यात बसली, पाणी प्याली, गेली.
चौथ्यांदा आली नाही.
कार्ड काढू नका. म्हणजे,
काढा, तुम्हाला वाटलं तर.
मला जमलं नाही.

तुमची ऑर्डर अकरा महिन्यांची, म्हणालात.
मग दहाव्या महिन्यात एखाद्या दुपारी,
पंखा बंद असेल, गर्दी नसेल,
कुणाला तरी असंच समोर बसवा.
कुणीच नसेल तर शिपायाला सांगा.
इथं तोच सगळ्यात जुना आहे.

उद्या मंगळवारच.
परबता खिडकीत वाकून मला शोधेल.
मागे, कपाटाकडे, मागच्या दारापर्यंत बघेल.
तेव्हा नाव सांगत बसू नका, ओळखही नको.
वही मागा. पाकीट घ्या.
आणि तिच्या डोळ्यांसमोर, सावकाश,
आधी सूर्य काढा.