वाटाण्याएवढं

हेलसिंकीत दीड दिवस.
तिकिटं रातगाडीची, हॉटेल स्टेशनामागचं,
नाश्त्याला काकडी आणि उकडलेलं अंडं,
बाहेर उणे एकोणीस.
ओस्मो म्हणाला, बंदर बघू, चर्च बघू.
मी म्हटलं, आधी काचघर.

दोन दारं आहेत तिथं. पहिलं लागल्याशिवाय
दुसरं उघडायचं नाही, असं लिहिलंय.
मधल्या हातभर जागेत आम्ही दोघं,
जाड कोटांमुळे एकमेकांत रुतलेले.
लग्नाच्या फोटोतही इतके जवळ नव्हतो.

मग दुसरं दार.
ओस्मोच्या चष्म्यावर एका श्वासात धुकं.
आंधळ्या कोशिंबिरीतल्यासारखे हात पुढे करून तो उभा,
आणि हाताला लागलं केळीचं पान.
"माफ करा," म्हणाला तो पानाला.

मला वाफेचं कौतुक नाही.
केमीच्या इस्पितळात एकतीस वर्षं चादरी उकळल्या मी,
वाफ म्हणजे पगार.
पण ही वाफ कशाचेच डाग काढत नव्हती.
नुसती बसून होती माडांच्या अंगावर,
शनिवारच्या सौनानंतर बाबा बसायचे तशी,
कुणी काही विचारू नये अशी.

बाकांवर शहरातली माणसं.
एक पोरगा पुस्तकावर मान टाकून झोपलेला.
दोन म्हाताऱ्या, 'खाण्यापिण्यास मनाई'च्या पाटीला पाठ करून,
थर्मासमधून कॉफी ओतत होत्या.
एक बाई बाळाचे मोजे काढून
त्याचे तळवे हवेला दाखवत होती.
डिसेंबरात जन्मलेलं असणार. घराबाहेर उघडे पाय
त्याला ठाऊकच नव्हते. बोटं पसरून
ते विचारात पडलं होतं.

आम्हाला मात्र ते पान बघायचं होतं.
परातीसारखं, काठ वळलेलं, मूल पेलणारं.
अडुसष्टच्या ऑगस्टमध्ये आत्याकडे आलो होतो
तेव्हा इथल्या माळ्यानं आम्हा बहिणींना
वजनकाट्यावर उभं केलं.
मार्केट्टा सोळा किलो. मी साडेएकोणीस.
तिला पानावर बसवलं, खाली पातळशी फळी सरकवून.
वर्तमानपत्रात फोटो आला.
त्यात डाव्या कडेला एक हात आहे,
मनगटापाशी कापलेला,
तिचे बूट धरून.
तो माझा.

गेल्या महिन्यात मार्केट्टा बर्फावर घसरली, खुबा मोडला.
पडल्या पडल्या म्हणाली,
जाताय तर बघून ये गं, अजून आहे का ते.

तळं कोरडं.
तळाशी बादली, रबरी नळी, एकच हातमोजा,
आणि गुडघे टेकून फरशी घासणारी एक मुलगी,
छातीवरच्या बिल्ल्यावर नाव: ओनेर्वा.
"हिवाळ्यात ते नसतंच," ती म्हणाली.
"दर वर्षी नव्यानं पेरतो."
अकरा तास गाडीत बसून
वाटाण्याच्या अक्षता, ओस्मो पुटपुटला.

तिनं ऐकलं असावं.
ब्रश ठेवून आत गेली, बरणी घेऊन आली,
लोणच्याची, लेबल अर्धवट खरवडलेलं.
पाण्यात पाच-सहा काळपट दाणे.
खरोखरच वाटाण्याएवढे.
"कोरडे पडले की मेले," म्हणाली,
आणि एक काढून माझ्या तळव्यावर ठेवला.
काट्यावर उभं न करता.

ओस्मोनं चष्मा पुसला, वाकून पाहिला,
पुन्हा पुसला.
"यातून ते?"
"ऑगस्टपर्यंत," ती म्हणाली. "सगळं नीट झालं तर."

बंदर राहिलं. चर्च राहिलं.
हॉटेलातली दोन उकडलेली अंडी
माझ्या पर्समध्ये परत निघाली.

रात्री बर्थवर टेकले तोच मार्केट्टाचा फोन,
इस्पितळातून, दबक्या आवाजात.
"आहे का?"
"आहे."
"केवढं?"
वरच्या बर्थवर ओस्मो घोरत होता.
दिव्याखाली मी अंगठा आणि तर्जनी जुळवून बघितली,
थोडी दूर केली.
"सध्या पाण्यात आहे," म्हटलं.
"आणि तुझे बूट कुठल्या कपाटात आहेत ते सांग.
उद्या येताना घेऊन येते."