पूर्वसंमती

मांडावर चपला चालत नाहीत,
हे बंगळूरच्या वकीलबाईंना कुणी सांगितलं नव्हतं.
त्यांनी आपणहून काढल्या, सारवणाच्या कडेबाहेर ठेवल्या
आणि जिनिव्हात छापलेला कागद उघडला.

भाषांतराला मी.
'स्वतंत्र' जमलं. 'माहितीपूर्ण' कसंबसं.
'पूर्व'पाशी अडलो.

"पूर्व म्हणजे कधीच्या?" देवकू वेळीपनं विचारलं.
"खाणीच्या ट्रकांच्या? फिरंग्यांच्या?
की त्या कुमेरीच्या, जी माझ्या आज्यानं
जाळली, पेरली आणि रानाला परत दिली?"

बाईंनी सांगितलं, एका देशात
युद्ध थांबल्यावर लोकांनी हाच कागद दाखवून
नदी परत मागितली.
"मिळाली?"
"खटला चालू आहे."
मांडावर हशा पिकला.
आमचाही चालू आहे, रस्ता अडवल्याचा,
एकवीस जणांवर.
त्यातला फोंडू गेल्या चैतात वारला,
त्याच्या नावे समन्स अजून येतं.

दाव्याच्या अर्जात पुराव्याचा रकाना बोटभर.
काय लिहू?
देवराईतली कुणीच न तोडलेली वेल?
बांधावरचे दगड, ज्यांची नावं फक्त देवकूला येतात?

तिनं अंगठा शाईत बुडवला,
टेकवण्याआधी थांबली.
"हे जिनिव्हा," म्हणाली,
"तिथं आत जाताना चपला काढतात?"

याचं भाषांतर मी केलं नाही.
बाई माझ्याकडे बघत राहिल्या.
शाई देवकूच्या अंगठ्यावर वाळत चालली होती,
आणि कडेबाहेर, उन्हात,
त्या चपला तापत होत्या.