मधला वेग

एंदलाबाईंची मॉस्कविच मी लिफ्टवर चढवली
आणि खालून स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला.
आरपार गेला.
मग बोट घातलं. बोटही गेलं.
गंजाचा भुगा माझ्या भुवयांवर पडला,
रंग दालचिनीचा, वास मात्र समुद्राचा.

"काय म्हणतेय?" बाईंनी विचारलं.
पर्स पोटाशी घट्ट धरलेली,
जणू मी पर्सचाच पंचनामा करणार होतो.
केलाही:
खालचा पत्रा सगळा, ब्रेकच्या नळ्या,
पुढच्या डाव्या चाकाचा सांधा,
आणि गिअरबॉक्समधला तो आवाज
ज्याला मी सहा वर्षं "बघू" म्हणत आलोय.
एकोणीसशे युरो. तेही ओळखीचे म्हणून.
भंगारवाला देईल एकशे तीस.
त्यातून धक्क्यापर्यंतचं टोचन, फेरीबोटीचं भाडं,
उरतील एका केकपुरते.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला,
मी म्हणालो.
बाई म्हणाल्या, "या कोंबडीनं अंडी दिलीत,
आणि तू खाल्लीयस."

हे खरं आहे. माझी पहिली पगारी दुरुस्ती
हीच गाडी. तेव्हा ती मोहरीच्या रंगाची होती,
आता कुठल्या रंगाची आहे ते कागदपत्रांनाच ठाऊक.

तालिनहून मुलगा फोन करतो, रैत.
आई, छोटीशी इलेक्ट्रिक घे,
अजिबात आवाज करत नाही.
बाई म्हणतात, आवाज न करणाऱ्यांबरोबर
मी एकतीस वर्षं संसार केलाय. पुरे.

आमच्या हिऊमा बेटावर
हिवाळ्यात समुद्र गोठायचा.
आम्ही चौघे-पाचजण ड्रिल घेऊन जायचो,
भोकं पाडून जाडी मोजायचो,
दोन्ही कडांना ज्युनिपरच्या फांद्या रोवायचो,
की झाला रस्ता.
नियम थोडे होते. पट्टा बांधायचा नाही.
दार पुरतं लावायचं नाही, उडी मारता यायला हवी.
आणि वेग पंचवीसच्या आत, नाहीतर चाळीसच्या वर.
मधल्या वेगानं गेलात
तर बर्फाखालचं पाणी लाट होऊन
गाडीच्या बरोबरीनं चालू लागतं.
मग बर्फ कुठे फुटेल ते लाटेलाही सांगता येत नाही.

बाई तेव्हा पोस्टात होत्या.
मागच्या सीटवर पेन्शनीची पाकिटं,
एकदा तर चक्क बाळंतीण.
मी ऐकलेलं सांगतो: पोरगी ओरडत होती हळू, हळू,
दाई ओरडत होती जोरात,
आणि बाई पंचेचाळीसवर काटा धरून
दोघींना म्हणाल्या, गप्प बसा, मला बर्फ ऐकू द्या.
ते बाळ आता पलीकडे दात काढतं.
लोकांचे. तिचा दवाखाना आहे.

"ठरलं," बाई म्हणाल्या. पर्स सैल झाली.
"भंगारातच जाऊ दे.
पण बोटीवर साखळीनं बांधून, बकरीसारखी, नाही.
समुद्र गोठला की मीच चालवत नेईन.
तोवर असू दे तुझ्याकडे."

मी हो म्हणालो.
ड्रिल भिंतीवर आहे. त्याला तेल देतो.
गेल्या फेब्रुवारीत सहज किनाऱ्यावर गेलो होतो,
काठाला पापुद्रा होता, दुधावरच्या सायीएवढा,
एका बदकानं तो पोटानं फोडला.
बाईंना हे सांगायची गरज नाही.
रेडिओवरचं हवामान त्या माझ्याआधी ऐकतात.

गाडी गॅरेजमागे उभी आहे.
चार वेल्ड मी मारले. बिलात धरले नाहीत,
दुरुस्ती म्हणू नका,
पाऊस आत साचत होता, एवढंच.
महिन्याच्या पहिल्या शनिवारी बाई येतात,
मी बॅटरी चार्ज करून ठेवतो.
इंजिन खोकतं, मग लागतं.
त्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसतात,
समोर माझ्या जुन्या टायरांची रास.
मी खिडकीतून पाहतो:
पट्टा लावलेला नसतो,
आणि दार, एवढ्या थंडीतही,
चार बोटं उघडं.