माशीचा स्क्रू

आदिलाबादच्या गाडीनं किनवटला उतरलो
तेव्हा खिशात परवाना होता, परवान्यात तारीख.
मार्चअखेर हत्यार घ्या, नाहीतर रद्द.

मुनीरोद्दीनसाहेबांनी दार उघडलं.
तेंदूपत्त्याचे जुने ठेकेदार,
बोटं अजून पुडके मोजल्यासारखी हलतात.
"हौ, बैठो," म्हणाले, आणि पलंगाखालून
रजईत गुंडाळलेली ती काढली,
झोपलेलं पोर उचलावं तशी, मान आधी सांभाळून.

मी टर्नर माणूस. तीस वर्षं लेथवर.
आधी नळी.
बोल्ट काढला, खिडकीकडे धरली, एक डोळा मिटला.
आटे अजून जिवंत,
चकाकत, वळत, पार टोकाच्या उजेडापर्यंत,
आणि त्या तुरीच्या दाण्याएवढ्या उजेडात
समोरच्या अंगणातली पांढरी कोंबडी
आली, थांबली, गेली.
मी श्वास धरून होतो हे नंतर कळलं.

मध्ये एका जागी गंज, देवीच्या व्रणांसारखा.
दस्त्याला चीर, पितळी तारेनं बांधलेली.
बांधणाऱ्याचा हात चांगला होता.

दस्त्यावर खाचा. मोजल्या. अकरा, आणि एक अर्धवट.
ही अर्धी कशाची, मी हळूच विचारलं.
वाटलं, आता काहीतरी निघेल,
जखमी होऊन निसटलेलं जनावर, पैनगंगेकाठची रात्र.
ते हसले.
"वो? वो तो पोट्टे ने कंपास से खुरच्या.
मार बी खाया."

बाकीच्या अकरा त्यांच्या अब्बांच्या.
बहात्तर साली कायदा आला, तेव्हापासून
यांनी तिला फक्त तेल पाजलं.
रानात ती गेली नाही पुन्हा. गेली ती ठाण्यात,
दर निवडणुकीला.
जमा करा, पावती घ्या, महिन्यानं सोडवून आणा.
पंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा.
रानातल्यापेक्षा जास्त रात्री
हिनं हवालदाराच्या खोलीत काढल्या,
जप्त केलेल्या मोहाच्या दारूच्या कॅनांशेजारी.

किंमत साठ हजार. सोबत तंबाखूच्या डब्यात
चार काडतुसं. या मापाची आता कुणी बनवत नाही.
चार वेळा आवाज,
मग नुसती नळी.

घरी इंदू म्हणाली होती,
भिंतीला काही लावायचंच असेल
तर बंद पडलेलं घड्याळ आधी काढा.
पोरानं विचारलं, कुणाला मारणार?
कुणालाच नाही.
मग?
मला सांगता येईना.
मी पंपाचे शाफ्ट करतो, बुश करतो, ट्रॅक्टरच्या पिना.
असा आटा मला या जन्मात काढता येणार नाही.
ज्यानं काढला त्याला ठाऊक होतं,
गोळी स्वतःभोवती फिरते म्हणून सरळ जाते.
मीही फिरतोच आहे वर्षभर.

खांद्याला लावली. जड.
गालाला लाकूड लागलं तिथं
दुसऱ्याच्या गालानं आधीच जागा केलेली,
गुळगुळीत, थोडी खोल, माझ्या गालापेक्षा लहान.
नेम कशावर धरू कळेना.
भिंतीवर मक्केचं कॅलेंडर. दारात चपला.
मुनीरसाहेब नकळत बाजूला सरकले,
अब्बांच्या वेळच्या सवयीनं.
मी ती खाली ठेवली.

"माशी हिलती," ते म्हणाले. "पेच घिस गया."
खरंच, पुढच्या माशीचा स्क्रू,
मुगाएवढा, डोकं सोललेलं.
हे मला येतं, म्हटलं. नवा करून आणतो.
पैसे नकोत.
"और बंदूक?"
आधी स्क्रू, म्हणालो.
त्यांनी काही न बोलता रजई ओढली
आणि मान सांभाळून तिला परत गुंडाळलं.

भोकरला चहासाठी चिल्लर काढली.
तळहातावर नाणी, त्यात तो काळा, एवढासा.
चहावाल्या पोरानं दहाचं नाणं उचललं,
दुसरं काय म्हणून बोटानं चाचपलं.
हे चालत नाही काका, म्हणाला,
आणि गाडी हलली.