मानेपुरतं

नागदेवी गल्लीत, बेअरिंगवाल्यांच्या मागे
बेहरामकाका दोन डाय फडक्यावर ठेवतात.
"ही अख्खं अंग आवळते. ही फक्त मान.
रायफल तीच ना?"

तीच. दादाची.

"मग मानेपुरतं धर. एकदा बार झाला की
पुंगळी त्या घराच्याच मापाची होते.
दरवेळी कशाला चेपायची? पितळही थकतं, पोरी."

रायफल आषाढापासून चौकीत जमा.
वहिनी विकेल बहुतेक.
हे मी सांगत नाही. फडक्यावरचं तेल
बोटावर घेऊन चोळत राहते.

"अंगाची द्या," म्हणते, "कुठल्याही घरात
जाता आलं पाहिजे."

काका चष्म्यावरून बघतात.
डबीचं झाकण लावताना
पैसे मोजायचे राहून जातात.