बारा किलोवॅट

गेल्या पौषात, धुक्यात, खात्याची लाँच
केरबा लिलकेच्या चप्पूवर चढली.
केरबा वाचला. थर्माकोलचे तुकडे
आठ दिवस धरणाच्या भिंतीशी
बगळ्यांसारखे बसून होते.
म्हणून रडार.

मी गफूर, मोटार वाइंडिंगवाला, पैठण.
डोळस साहेबांच्या टेबलावर दोन कॅटलॉग मांडले.
हे चार किलोवॅट, टोपलीएवढा घुमट,
नाथसागराला पुरून उरेल.
हे बारा, चार फुटी उघडा पंखा,
बहात्तर मैल.

बहात्तर म्हणजे कुठवर?
कागदावर साहेब, बीडच्याही पुढं. तिथली बोट टिपेल.
बीडला बोट आहे?
नाही साहेब.
साहेब भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले.
मार्चची एकोणीस होती, निधी परत जायचा होता.
बाराच घ्या, म्हणाले.

कोचीचा माणूस फोनवर हिंदीत सांगत गेला:
माणसाच्या डोक्यावर दोन हात उंच बसवा,
फिरत असताना समोर कुणी उभं राहू नये,
होकायंत्रापासून लांब,
केबल उरली तरी कापू नका.
बब्रुवाननं उसाच्या ट्रॉलीचा पाइप कापून
मचाण जोडलं. भोज्या शिवल्यासारखी पोरं
लाँचला हात लावून पळायची.

बॅटरीतून चोवीस व्होल्ट निघत,
वर पोचेपर्यंत एकवीस होत,
पडदा उजळे आणि मरे.
तीन दिवस मी कंपनीला शिव्या दिल्या.
चौथ्या दिवशी दुकानातलं जाड तांबं ओढलं.
पंखा फिरला.
त्या तांब्याचं बिल अजून फाइलीत आहे.

पहिल्या रात्री सगळे केबिनमध्ये दाटीनं.
धरण म्हणजे एक जाड रेघ.
कालव्याचं तोंड, मनोरा,
आणि उथळात फिकट डाग, हळूहळू सरकणारा:
रोहित पक्ष्यांचा थवा.
मधोमध मात्र, आमच्याच भोवती, काळं वर्तुळ.
एवढ्या ताकदीला पायाजवळचं दिसत नाही.
आपल्या खात्यासारखंच, साहेब म्हणाले,
आणि एकटेच हसले.

केरबा म्हणाला, माझं गाव दाखीव.
ते पाण्याखाली, दादा. हे फक्त पाण्यावरचं बघतं.
मंग मी कुठं हाय ह्यात?
म्या तर पाण्यावरच असतो की रातभर.

नव्या चप्पूवर बसून तो गेला, बॅटरी विझवून.
तिकडून हाळी आली: दिसायलोय का?
नाही.
मी गुंडी फिरवली. लाटा उगवल्या, सगळीकडं,
पडदाभर खसखस,
त्यात केरबा कुठली, लाट कुठली.
आता तरी?
नाही रे.
बारा किलोवॅट थर्माकोलातून
चाळणीतल्या पिठासारखे निघून जात होते.

सकाळी इठाबाईकडून तेलाचा रिकामा डबा मागितला.
ती म्हणाली, पंधरा किलोचा हाय, दळणाला लागतो,
कामून पायजे?
पत्रा कापला, तीन पाती काटकोनात,
खोलीचा कोपरा असतो तशी,
बांबूवर बांधली, चप्पूच्या मागं रोवली.
त्या रात्री पडद्यावर एक दाणा आला.
धुता न येणारा, ठाम.
तो केरबा.

किमतीच्या रकान्यात काय लिहू, मी साहेबांना विचारलं.
लिहू नका, म्हणाले.

आता एक्केचाळीस डबे आहेत गंगेवर.
गावात खाद्यतेलाचा डबा मोकळा मिळेना झालाय,
पैठण नाक्यावरचा भजीवाला
सांगितलेल्या भावाला देतो.

ज्येष्ठात पाणी उतरलं.
बेचाळिसावा दाणा उगवला,
जिथं कुणाचा चप्पू नव्हता.
केरबाला बोलावलं. तो डोळे बारीक करून
पडद्यावर वाकला.
हलतंय का?
नाही.
लै वेळ झाला तरी?
तासभर.
मंग वेस हाय ती आमची.

खूण करायची कळ दाबली,
यंत्रानं नाव विचारलं.
अक्षरं फक्त इंग्रजीची होती.
त्यानं गावाचं नाव सांगितलं, मी चुकवलं,
त्यानं पुन्हा सांगितलं,
सावकाश, पोराला शिकवतात तसं.